मदत हवी आहे: मधुमेह आणि थायरॉइड असताना रोज गुळवेलीचा काढा चालेल का?

नमस्कार मंडळी,

आई गुहागरला असते, मी पुण्यात. आईचं वय ६४. तिला मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू आहे. थायरॉइडची गोळीही रोज असते. पावसाळ्यात ताप येऊन गेला आणि सांधे धरले, तेव्हापासून शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून ती रोज सकाळी अनशापोटी गुळवेलीचा काढा घेते. बोटभर कांड ठेचायचं, सुंठ घालून उकळायचं, निम्मं पाणी आटवायचं. वेल आगरातल्या आंब्यावरचीच. (कडूनिंबावरची उत्तम म्हणतात, पण आमच्याकडे कडूनिंब कुठे!) बरं वाटतं म्हणते, म्हणून सोडायला तयार नाही.

मला काळजी दोन गोष्टींची आहे. गुळवेलीने साखर उतरते असं वैद्यही सांगतात. मग गोळी आणि काढा मिळून साखर फार खाली गेली तर? ती घरात एकटी असते.

दुसरी गोष्ट यकृताची. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. पुढेही असे रुग्ण आढळले, त्यात थायरॉइडसारखे स्वप्रतिकार आजार (म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते ते) असलेलेही होते. आयुष मंत्रालयाचं म्हणणं वेगळं: गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. त्या वेलीच्या खोडावर ठळक गाठी असतात आणि चीक येतो. आईने पाठवलेल्या फोटोत पानं हृदयाच्या आकाराची आहेत, पण खोड नीट दिसत नाही.

आजीही तापात गुळवेल द्यायची, पण चार-आठ दिवस, ताप उतरेपर्यंत. महिनोन्‌महिने रोज घेणं मला वेगळं वाटतं. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत काढा बंद ठेव असं मी तिला कळवळून सांगितलंय.

जाणकारांनी कृपया सांगावं:

आईचा थायरॉइड स्वप्रतिकार प्रकारचा आहे का, हे कोणत्या तपासणीत कळतं? एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) आताच करून घ्यावी ना? डोळे पिवळे नाहीत, लघवीचा रंगही नेहमीसारखा आहे, भूक मात्र थोडी कमी झाली आहे.

चिपळूण किंवा गुहागर भागात वेल प्रत्यक्ष पाहून ओळखणारे, आणि चालू गोळ्यांची यादी बघूनच औषध देणारे वैद्य कुणाला माहीत आहेत का? आईचा ॲलोपॅथीच्या डॉक्टरांपेक्षा वैद्यांवर जास्त विश्वास आहे. त्यांनी थांब म्हटलं तर ती ऐकेल.