म्हाताऱ्याला विचारायचं की नाही?

धंतोलीकर काका: महालच्या मास्तरांनी काल इथे लिहिलं, "प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेला की पेशंटला विचारत बसू नका. डॉक्टर आणि मुलं ठरवतील, त्याला फक्त औषध द्या." वाचून रात्रभर झोप नाही. तो पेशंट मी आहे, वय 74.

बोन स्कॅनमध्ये कंबर आणि बरगड्यांत डाग दिसले. डॉक्टरांनी थोरल्याला बाहेर नेलं. दाराच्या फटीतून त्याची हलणारी मान तेवढी दिसत होती. आत येऊन म्हणाला, "बाबा, दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन." विषय संपला. दुसराही रस्ता होता, हे सहा महिन्यांनी कळलं, तेही बाकावर शेजारी बसलेल्या भंडाऱ्याच्या शेतकऱ्याकडून. त्यानं ऑपरेशन करून अंडकोष काढून घेतले होते. रोवणीच्या दिवसांत नागपूरच्या खेपा नकोत म्हणून त्यानं स्वतः ठरवलं. हा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर वाढतो, ते दोन्ही रस्त्यांनी बंदच करायचं असतं. चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी 1941 मध्ये हे दाखवलं, 1966 ला त्यांना नोबेल मिळालं. इतकी जुनी गोष्ट मला सांगायला कोणाला वेळ नव्हता! मी कदाचित इंजेक्शनच घेतलं असतं. पण ते मी घेतलं असतं.

महालचे मास्तर: काकाजी, तुमचं दुःख समजतं. पण माझ्या वडिलांना आम्ही सगळं सांगितलं होतं. त्या दिवशी ताटावरून उठले ते नीट जेवलेच नाहीत. आजारानं नंतर नेलं, शब्दानं आधी. ज्यानं ते पाहिलं नाही त्यानं मला शिकवू नये.

मानेवाड्याची ताई: मी उलटं पाहिलं आहे. आईला स्तनाचा कॅन्सर होता, आम्ही "साधी गाठ" म्हणत राहिलो. दवाखान्याच्या फाटकावर हातभर अक्षरात कॅन्सर लिहिलेलं, आणि आई सातवी शिकलेली. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून शेवटपर्यंत गाठच म्हणाली. एकदाही आमच्याजवळ रडली नाही. ते रडणं आम्ही तिच्यापासून हिसकावलं, मास्तर.

महालचे मास्तर: म्हणजे मी बापाचा खून केला, असंच म्हणून राहिल्या ना तुम्ही? सांगितलं तरी पाप, लपवलं तरी पाप!

मानेवाड्याची ताई: तुम्ही सांगितलं, ते बरोबर होतं. नंतर त्यांच्याजवळ बसून बोललं कोण, एवढंच विचारते.

महालचे मास्तर: हे तुम्ही विचारायचं नाही.

मेडिकल चौकातला औषधवाला: भांडण थांबवा जी, माझ्या काउंटरवरचं ऐका. एक आजोबा अॅबिराटेरॉन न्यायचे, ही प्रोस्टेटच्या कॅन्सरची गोळी. 250 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. अॅबिराटेरॉन उपाशीपोटीच घ्यायची, नंतर तासभर काही खायचं नाही. अन्नासोबत ती रक्तात कितीतरी जास्त चढते. आजोबा रोज सकाळी तर्री पोह्यांसोबत घेत होते, कारण घरच्यांनी "ताकदीची गोळी" सांगितलं होतं. ताकदीची गोळी माणूस खाऊनच घेणार ना? दुसरं, हाडांत पसरलेल्या पेशंटला कंबरेखाली पाय जड वाटले, लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. मणक्यातली नस दबत असू शकते. ज्याला आजारच माहीत नाही, तो "वय झालं" म्हणून पडून राहील.

धंतोलीकर काका: अगदी हेच. मे महिन्यात कूलरसमोर बसूनही अंगातून वाफा निघायच्या, बनियन चिंब. ऊन लागलं समजून महिनाभर पन्हं पीत राहिलो. इंजेक्शनमुळे होतं हे थोरल्याला माहीत होतं. "तुम्ही घाबरले असते," म्हणतो. अरे, न कळल्यामुळेच घाबरलो होतो! आणि हिच्याशी नवराबायको म्हणून जे बदललं, त्याबद्दल तर मला वाटायचं माझ्यातच खोट आहे. तिलाही कोणी सांगितलं नाही.

महालचे मास्तर: पोह्यांचं वाचून गप्प झालो होतो. गोळी कशाची, त्रास काय होईल, हे सांगायला पाहिजे. एवढं मान्य. किती दिवस उरले ते मात्र सांगू नये, यावरून मी हटणार नाही.

मानेवाड्याची ताई: त्यांनी स्वतः विचारलं तर?

महालचे मास्तर: विचारलं तर बघू.

धंतोलीकर काका: मी विचारणार आहे. 18 तारखेला पुढचं इंजेक्शन आहे. हिला आत नेतो, थोरला बाहेर बसेल.