मदत हवी आहे: रविवारच्या रनिंगची स्क्रॅपबुक

नमस्कार मंडळी, जूनपासून मी दर रविवारी सकाळी शिवाजी पार्कला पळायला जाते, आधी कट्ट्याच्या बाजूने एक फेरी मारली तरी धाप लागायची, आता न थांबता तीन होतात आणि खरंच खूप भारी वाटतं. अॅपमध्ये किलोमीटर, वेळ सगळं येतं पण मला ते हातात धरून बघायचंय, म्हणून लेकीची उरलेली चित्रकलेची वही घेतली आणि दर रविवारी एक पान करते. तारीख, किती फेऱ्या, हवा कशी होती, त्या दिवशी खाली पडलेलं एखादं झाडाचं पान किंवा सोनमोहराचं फूल आणि पळून झाल्यावर इडली खाल्ली त्याचं बिल.

आता अडचण अशी की जूनमधल्या बिलांवरचं छापलेलं जवळजवळ गेलंय, नुसता पांढरा कागद राहिलाय. झेरॉक्स काढून चिकटवू का? फोटो प्रिंट करू? आणि पावसाळ्यातली झाडाची पानं रद्दीत दाबून ठेवली होती, तरी दोन पानांवर बुरशी आली, एक तर पहिल्या तीन फेऱ्यांच्या दिवसाचं होतं, फार वाईट वाटलं. मुंबईच्या दमट हवेत पानं नीट कशी सुकवायची, कोणी इस्त्रीने करून बघितलंय का? फेविकॉलने कागदाला सुरकुत्या पडतात, त्याऐवजी ग्लू स्टिक टिकते का वर्षभर? वही पण जाड होऊन मिटत नाहीये, स्पायरल घ्यावी की सुटी पानं फाईलला लावावीत? जे करतात त्यांनी प्लीज सांगा, येत्या रविवारच्या आत नवीन वही आणायचीय.