पावसाळ्यात बजीचा पिंजरा कुठे ठेवावा?

पावसाळ्यात ऊब मिळावी म्हणून बजीचा, म्हणजे पाळीव छोट्या पोपटाचा, पिंजरा स्वयंपाकघरात ठेवा, असा सल्ला कुणी दिला तर कृपा करून पाळू नका. ऊब हवी हे पटतं. खानापूर-बेळगावचा ओला गारठा या ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावरच्या पाखराला सोसत नाही. पण डोशाचा नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला, तर त्याच्या लेपातून निघणारा वायू आपल्याला बहुधा वासानेही कळत नाही आणि पाखरू काही मिनिटांत दगावतं. पक्ष्यांची फुप्फुसं हवेतलं सगळंच झपाट्याने शोषतात. नुसतं दार लावून भागत नाही, घरात बिडाचाच तवा वापरा.

पिंजरा आतल्या खोलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवा, रात्री तीन बाजूंनी चादर घाला. आणि त्याच्या खाण्याचे राळे थोडेथोडेच आणा, दमट हवेत त्यांना लगेच बुरशी धरते.