शब्दचर्चा : ‘करार’ की ‘आणभाक’?

प्रश्न : मी नागपुरात सदरला भाडेकराराची कामं करतो. अकरा महिने, मुद्रांक, दोन साक्षीदार. मुदत संपली की कागद रद्दी. रविवारी चर्चमध्ये पाळक साहेब ‘आपण कराराची मंडळी’, म्हणजे देवानं ज्यांच्याशी करार केला ती माणसं, असं म्हणतात, तेव्हा डोळ्यांपुढे तोच कागद येतो. त्यापेक्षा ‘आणभाक’ किंवा ‘वचन’ बरा नाही का?

उत्तर : जय ख्रिस्त, भाऊ. ‘वचन’ आपल्याकडे आधीच गुंतलेला शब्द आहे. ‘आज वचन वाचलं का?’ म्हणजे शास्त्र वाचलं का. आणभाकेत शपथ आली, आणि डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूनं शपथ वाहूच नका म्हटलंय. तेव्हा करारच राहू द्या. अरबीतून आलेल्या या शब्दात मुळात ठरणं, स्थिर होणं आहे.

आता हिब्रूकडे या, म्हणजे बायबलच्या जुन्या कराराच्या मूळ भाषेकडे. तिथला शब्द ‘बरीथ’, आणि हिब्रूत बरीथ करत नाहीत, कापतात. उत्पत्ती या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात देव अब्रामाशी करार करतो, तेव्हा अब्राम जनावरं दुभागून समोरासमोर मांडतो. अंधार पडतो, आणि त्या तुकड्यांमधून धुमसती भट्टी व जळती मशाल पुढे सरकते. ती देवाच्या हजेरीची खूण. अब्राम स्वतः त्यामधून जात नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर सही एकाच बाजूची! जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनीही दोन पक्षांच्या तहाचा ‘सिंथेके’ सोडून ‘दियाथेके’ घेतला. व्यवहारात त्याचा अर्थ मृत्युपत्र. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या ९व्या अध्यायात करारावरचं बोलणं एकदम मृत्युपत्रावर जातं ते यामुळेच. मी तिथे कितीतरी वर्षं अडखळत होतो.

मंडळ्यांनी आपसात ठरवून एकत्र येणं वेगळं. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्याच ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्यांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्याला आपण ऐक्य म्हणतो.

मग आपल्या वाट्याला काय? मला वाटतं, ‘पाळणे’ हे क्रियापद. करार पाळायचा असतो, आणि ‘पाळक’ही त्याच धातूचा. पाळण्यात रोजचं राखणं, खाऊपिऊ घालणं आलं. मेथडिस्ट मंडळ्यांत वर्षारंभी कराराची उपासना होते, या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये सुरू केलेली. पण खरी गोष्ट त्यानंतरच्या सोमवारपासून सुरू होते.

दुसरं उत्तर : पाळण्याबद्दल अगदी पटलं. आमच्या मंडळीतल्या एक ताई दर गुरुवारी एका आजीकडे वरणभाताचा डबा नेतात. भात कुस्करून, फुंकर घालून भरवतात. आजी आता कोणालाच ओळखत नाहीत, ताईंनाही नाही. मी एकदा विचारलं, तुमच्या नात्यातल्या का? तर म्हणाल्या, “नाही जी. माह्या बाप्तिस्म्याले ह्या धर्ममाता होत्या. मी दोन महिन्याची होती, मले काय समजते? माह्यावाली ‘होय’ यायनंच म्हटली.”