छोट्या शहराची नोकरभरती : अर्जदारांची नावं चव्हाट्यावर यावीत का?

जुनी फाईल : लहान शहराच्या पालिकेत कुणाला घेतलं हे सगळ्यांना कळतं, का घेतलं ते कुणालाच कळत नाही. कॅलिफोर्नियातलं बेल घ्या. वस्ती जेमतेम पस्तीस हजार. २०१० मध्ये वर्तमानपत्राने प्रकरण बाहेर काढलं तेव्हा तिथला मुख्य प्रशासक रॉबर्ट रिझो वर्षाला आठ लाख डॉलरच्या घरात पगार घेत होता. पुढे तुरुंगात गेला तो भाग वेगळा. नगरसेवकांच्या मानधनावरची राज्याची मर्यादा ज्या २००५ च्या मतदानामुळे सुटली, त्याला चारशे लोकसुद्धा फिरकले नव्हते! म्हणून म्हणतो, अर्जदारांची नावं, गुण, निवडीचं कारण, पगार, सगळं जाहीर करा.

मधली सुट्टी : उदाहरणच चुकलं साहेब. बेलची भानगड पगाराची होती. पगार खुशाल जाहीर करा, नको कोण म्हणतंय? पण नावं कशाला? मी एके ठिकाणी नोकरीत असताना दुसरीकडे अर्ज केला होता. सकाळी यादी लागली, दुपारी तिचा फोटो आमच्या साहेबांच्या मोबाइलवर. "मग, कधी निघताय?" एवढंच विचारलं. त्यानंतर वर्षभर कामाची म्हणावी अशी एकही फाईल माझ्या टेबलावर आली नाही. आणि तिकडे निवडही झाली नाही, म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं.

तिरकी रेघ : स्वीडनमध्ये सरकारी कागद बघायचा हक्क १७६६ पासून आहे. पालिकेतल्या नोकरीसाठी कुणी अर्ज केला हेही तिथे मागितलं की बघायला मिळतं. म्हणून तिथे कुणी अर्ज करायचं थांबलं का?

मधली सुट्टी : स्वीडनचा साहेब आणि माझा साहेब यांत फरक आहे हो. फ्लोरिडाही उघडपणासाठी नावाजलेलं राज्य. तिथेही सरकारी विद्यापीठांच्या प्रमुखपदासाठी अर्ज करणाऱ्यांची नावं अंतिम यादी होईपर्यंत गुप्त ठेवायचा कायदा २०२२ मध्ये करावा लागला.

खोडरबर : तुम्ही दोघं नावांवर भांडताय, मेख दुसरीकडेच आहे. मी एका निवड समितीत बसलोय. मुलाखतीचे गुण पेन्सिलीने भरायला सांगितले होते. "बेरीज चुकली तर खाडाखोड नको" हे कारण. संध्याकाळी चहा झाला, अध्यक्ष कागद घेऊन आत गेले. बाहेर आले तेव्हा आकडे शाईत होते आणि लेखी परीक्षेतला चौथा पहिला झाला होता. मी सही केली. लाज वाटते, पण केली. नावं जाहीर असती तरी हे झालंच असतं. कुणाला किती गुण दिले ते उमेदवार खोलीबाहेर पडायच्या आत पेनने लिहा, सही करा, तोच कागद भिंतीवर लावा.

तिरकी रेघ : त्यापेक्षा मुलाखतच काढून टाका. भारतात केंद्र सरकारने खालच्या पदांसाठी १ जानेवारी २०१६ पासून बंदच केली.

नळजोड : कारकुनाला ठीक आहे. पाणीपुरवठ्याचा अभियंता नुसत्या लेखी गुणांवर घेणार? जलवाहिनी फुटते तेव्हा शंभर माणसं अंगावर येतात, तिथे तोंड उघडता यायला हवं. दुसरं, परीक्षकाच्या नावानिशी गुण भिंतीवर लागले की लहान गावात कोण कडक गुण देईल? उद्या त्याच उमेदवाराचा बाप रस्त्यात भेटणार. सगळ्यांना सत्तर-सत्तर देऊन मोकळे होतील.

खोडरबर : हे मान्य, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. परीक्षक बाहेरगावचा आणावा, एवढंच सुचतं.

मधली सुट्टी : पेन मंजूर, भिंतही मंजूर. फक्त नावाऐवजी अर्ज क्रमांक लावा.

जुनी फाईल : आणि अर्ज क्रमांक १७ म्हणजे अध्यक्षांचा भाचा, हे आम्हाला क्रमांकावरून कसं कळायचं?