एकाच छायाचित्रावरून त्रिमितीय रचना काढताना सपाट भिंती वाकतात, असे का होत असावे?

प्रश्न (बिंदुमेघ)

एका आयताकृती दालनाच्या एकाच छायाचित्रावरून त्याची त्रिमितीय रचना मिळवण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. त्यासाठी मी मिडास हे, एकाच चित्रावरून अंतरांचा अंदाज देणारे मॉडेल वापरले. त्याने दिलेला डेप्थ मॅप (कोणता पिक्सेल जवळ आणि कोणता दूर, हे उजळपणाने दाखवणारे चित्र) पाहताना काहीच खटकत नाही. जवळच्या खुर्च्या उजळ, मागची भिंत काळसर आणि वस्तूंच्या कडाही स्वच्छ दिसतात. उजळ म्हणजे जवळ हे लक्षात घेऊन मी प्रत्येक पिक्सेलचा ० ते १ मधला आकडा १ मधून वजा केला, उरलेल्या आकड्याला अंतर मानले आणि त्यावरून पॉइंट क्लाउड, म्हणजे त्रिमितीय बिंदूंचा संच, तयार केला. त्यात बाजूच्या दोन्ही भिंती कमानीसारख्या वाकलेल्या आहेत. दोष मॉडेलचा आहे की माझ्या पद्धतीचा?

प्रतिसाद (तिसरा_अक्ष)

दोष वजाबाकीत आहे. मिडास अंतर देत नाही. ते अंतराच्या व्यस्ताशी (१ ÷ अंतर) निगडित आकडा देते. कॅमेऱ्याच्या भूमितीनुसार, सपाट भिंतीच्या चित्रावरून आपण सरळ रेषेत समान पावले टाकत गेलो, तर दर पावलाला अंतराचा व्यस्त सारख्या प्रमाणात बदलतो, अंतर मात्र तसे बदलत नाही. तो व्यस्त १ मधून वजा करून त्यालाच अंतर म्हटले, की समतलाचा वक्र पृष्ठभाग होणे अटळ आहे.

शिवाय हा व्यस्तही शुद्ध नसतो. मॉडेलचा आकडा = अ × (१ ÷ अंतर) + ब, असे त्याचे रूप असते आणि अ व ब या किमती प्रत्येक छायाचित्रासाठी वेगळ्या व अज्ञात असतात. याचे कारण प्रशिक्षणात आहे. या मॉडेलला निरनिराळ्या स्रोतांची माहिती एकत्र करून शिकवले गेले आणि त्यांपैकी त्रिमितीय चित्रपटांसारख्या स्रोतांमध्ये दोन कॅमेऱ्यांमधले अंतरच ठाऊक नव्हते. त्यामुळे चूक मोजताना प्रमाण (अ) आणि सरक (ब) या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवाव्या लागल्या.

समजा, २ मीटरवरच्या बिंदूला मॉडेलने ०.९ दिले आणि ५ मीटरवरच्या बिंदूला ०.३. यावरून अ = २ आणि ब = −०.१ येतात, म्हणून ०.४ आकड्याचा बिंदू ४ मीटरवर ठरतो. ब विसरून, केवळ २ मीटरचा बिंदू जुळवून घेतला, तर तोच बिंदू ४.५ मीटरवर जातो. प्रत्यक्षात दोनच बिंदूंवर विसंबू नये. वेगवेगळ्या अंतरांवरचे सहा-सात बिंदू मोजून लघुतम वर्ग पद्धतीने, म्हणजे सर्व बिंदूंवरच्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी राहील असे, अ व ब काढावेत.

उपप्रतिसाद (बिंदुमेघ)

मनःपूर्वक आभार. व्यस्त घेताच भिंती सरळ झाल्या. अ आणि ब मी सहा बिंदूंवरून काढले. सर्व अंतरे कॅमेऱ्यापासून मोजपट्टी ताणून घेतली होती. तरीही दालनाचे कोपरे काटकोनात येत नाहीत आणि समोरासमोरच्या भिंती मागे जाताना एकमेकींपासून दूर सरकतात. ब अजून चुकत असेल का?

प्रतिसाद (काटकोन)

आपले निरीक्षण फार उपयोगाचे आहे, कारण चुकीचा प्रकार त्यातूनच ओळखता येतो. ब किंवा फोकल लेंग्थ (भिंगाचे नाभीय अंतर, ज्यावरून प्रत्येक पिक्सेलची दिशा ठरते) चुकली तरी समतल समतलच राहतो. बिघडतात ते कोन आणि समांतरता. म्हणजे तपासायच्या जागा दोनच उरतात.

पहिली जागा आपल्या मोजमापात आहे. सूत्रातले अंतर कॅमेऱ्याच्या अक्षावरचे, म्हणजे कॅमेरा रोखलेल्या सरळ दिशेने मोजलेले असते, तर कॅमेऱ्यापासून ताणलेली पट्टी तिरके अंतर देते. चित्राच्या मध्यापासून ३० अंश बाजूला असलेला बिंदू पट्टीने ५ मीटरवर भरला, तर अक्षावरचे अंतर सुमारे ४.३३ मीटरच असते. कडेच्या बिंदूंमध्ये एवढी तफावत असेल, तर ब बिघडणारच.

दुसरी जागा फोकल लेंग्थ. फोटोच्या फाइलमध्ये नोंदलेल्या आकड्यावर न थांबता, चौकटींचा छापील नमुना वेगवेगळ्या कोनांतून टिपून कॅमेरा कॅलिब्रेट करावा, म्हणजे त्याची खरी मापे काढावीत. झांग यांनी २००० मध्ये मांडलेली ही पद्धत ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या सॉफ्टवेअर-संचात तयार मिळते. त्यासोबत भिंगाची विकृतीही दूर करावी, कारण ती मात्र भिंती खरोखरच वाकवते.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. व्हॅन डाइक आणि द क्रून यांनी २०१९ मध्ये रस्त्यावरच्या दृश्यांवर शिकवलेली, एकाच चित्रावरून अंतर सांगणारी अशी न्यूरल नेटवर्क तपासली, तेव्हा वस्तूचे अंतर ठरवताना ती तिच्या दिसणाऱ्या आकारापेक्षा चित्रातल्या तिच्या उभ्या स्थानावर अधिक विसंबतात, असे आढळले. आपले मॉडेल वेगळे आहे, तरी कॅमेरा तिरका झाला की हे उभे स्थान बदलते, म्हणून फोटो घेताना तो तिरका न धरणे बरे.

उपप्रतिसाद (बिंदुमेघ)

तिरकी अंतरे दुरुस्त केली, कॅमेरा कॅलिब्रेट केला आणि समोरासमोरच्या भिंती समांतर आल्या. आता एकच अडचण उरली आहे. डाव्या भिंतीवर मोठा आरसा आहे आणि तेवढ्या भागात भिंतीपलीकडे आणखी एक दालन उभे राहते.

उपप्रतिसाद (तिसरा_अक्ष)

आरशात दिसणाऱ्या दृश्यालाच मॉडेलने खरी जागा मानले आहे. तो भाग हाताने आखून वगळावा आणि आरशाभोवतीच्या भिंतीच्या बिंदूंवरून समतल बसवून ती रिकामी जागा भरावी. आपल्या सहा बिंदूंपैकी एखादा त्या आरशात पडला नाही ना, हेही पाहून घ्यावे. पडला असेल, तर तो सोडून अ आणि ब पुन्हा काढावे लागतील.