नागपूर केंद्र ५८५ वर का लागत नाही?

रेडिओच्या नव्या डिजिटल ट्यूनरवर आकडा ५८० वरून थेट ५९० वर जातो आणि नागपूर केंद्र घोगरे ऐकू येते, या आपल्या तक्रारीचे कारण बहुधा बिघाड नसून टप्प्याची (आकडा एका वेळी किती किलोहर्ट्झने सरकतो त्याची) मांडणी हे असावे. भारतात मध्यम लहरींवरील (मीडियम वेव्ह) केंद्रांमधील अंतर ९ किलोहर्ट्झच्या पटीत असते, अमेरिकेत १०च्या. त्यामुळे संच १०च्या टप्प्यावर राहिला, की नागपूरचे ५८५ त्याला नेमके सापडतच नाही. माहितीपुस्तिकेत टप्पा बदलण्याची कळ शोधावी.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या टिनाच्या घरात एवढे करूनही खरखर उरली होती, ती ओसरीतल्या एलईडी दिव्याची निघाली. दिवा मालवून संच खिडकीत ठेवला आणि हळूहळू फिरवला, तेव्हा आवाज स्वच्छ झाला, कारण आतल्या फेराइट दांडीची (हाच मध्यम लहरींचा अँटेना) लांब बाजू केंद्राकडे असावी लागते, टोक नव्हे.

आकडे दाखवणारा प्रत्येक संच डिजिटल प्रसारण पकडतो, हे मात्र (दुकानदार काहीही सांगो) खरे नाही. आकाशवाणीच्या डीआरएम (डिजिटल रेडिओ मोंडिआल) या डिजिटल प्रसारणासाठी वेगळा संच लागतो, आणि त्यात संकेत क्षीण झाला तर खरखर न होता आवाजच तुटतो.